अलिफ-बेच्या पुढे : पॅरिसमधल्या एका इमामाची फ्रेंच

परकी भाषा शिकायला सुरुवात करणारे पुष्कळ असतात, तिच्यात मुरणारे थोडे. फ्रेंचच्या बाबतीत आपल्याकडे हे ठळक दिसते. अकरावी-बारावीला मार्क चांगले पडतात म्हणून मुले फ्रेंच घेतात. 'माझे नाव अमुक, मी पुण्यात राहतो, मला दोन भाऊ आहेत' इथपर्यंत सहज येतात. क्रियापदांचे तक्ते तोंडपाठ असतात. पण समोर फ्रेंच वर्तमानपत्र ठेवले की पहिल्याच परिच्छेदात गाडी अडते. क्लासवाले या पायऱ्यांना ए-वन, ए-टू, बी-वन अशी नावे देतात. ए-टूपर्यंत चढून बी-वनच्या उंबरठ्यावर बसून राहिलेली कितीतरी मुले आपल्या ओळखीत सापडतील.

फ्रेंच हा माझा विषय नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. पण हा उंबरठा माझ्या रोजच्या परिचयाचा आहे. उर्दू माध्यमातली मुले मराठीची बाराखडी, लिंग-वचन, पत्रलेखन सगळे करतात, पासही होतात. पुढे तहसील कार्यालयात साधा अर्ज लिहायची वेळ आली की शेजाऱ्याला हाक मारतात. दोष मुलांच्या बुद्धीत नाही, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. म्हणून इतिहास वाचताना मला एक प्रश्न नेहमी पडतो. ज्यांनी हा उंबरठा ओलांडला, त्यांनी नेमके काय केले?

या प्रश्नाचे सर्वांत तपशीलवार उत्तर मला सापडले ते इजिप्तच्या एका इमामाच्या पुस्तकात. त्यांचे नाव रिफाआ अल-तहतावी. वयाच्या 24व्या वर्षी त्यांनी फ्रेंचची मुळाक्षरे गिरवायला घेतली आणि पाच वर्षांत फ्रेंचमधून अरबीत बारा भाषांतरे परीक्षकांपुढे ठेवली. ही मजल त्यांनी कशी मारली, हे स्वतःच लिहून ठेवले.

नमाज पढवायला गेलेला तरुण

1798 मध्ये नेपोलियनने इजिप्तवर स्वारी केली. फ्रेंच फौज तीन वर्षे तिथे होती आणि 1801 मध्ये तिला निघावे लागले. त्याच वर्षी वरच्या इजिप्तमधल्या तहता या गावी रिफाआ जन्मले. घराणे आलिमांचे, पण हलाखीत आलेले. 1817 मध्ये ते कैरोच्या अल-अजहरमध्ये दाखल झाले. तिथे त्यांना शेख हसन अल-अत्तार यांच्यासारखा उस्ताद लाभला.

हे अत्तार जगावेगळे होते. फ्रेंच कैरोत असताना ते त्यांच्या विद्वानांना भेटले होते, त्यांची पुस्तके आणि उपकरणे त्यांनी पाहिली होती. ज्यांनी आपल्या शहरावर तोफा डागल्या, त्यांच्याकडे असे इल्म आहे जे आपल्याकडे नाही, हे त्यांनी मनाशी कबूल केले होते. शत्रूविषयी हे कबूल करणे सोपे नसते. तहतावींच्या फ्रेंचची खरी सुरुवात मला या कबुलीत दिसते.

1805 पासून इजिप्तची सत्ता मुहम्मद अली पाशांकडे होती. त्यांना नवी फौज, तोफखाना, इस्पितळे, कारखाने उभारायचे होते. त्यासाठी युरोपातून तज्ज्ञ आणले जात. पण तज्ज्ञ फ्रेंच किंवा इटालियन बोलणार, शिकणारे अरबी समजणार, आणि सारा भार मधल्या दुभाष्यावर. यावर उपाय म्हणून 1826 मध्ये पाशांनी सुमारे चाळीस तरुण पॅरिसला पाठवायचे ठरवले. त्यांतले बरेच तुर्की बोलणाऱ्या घरांतले होते. त्यांची नमाज, त्यांचे दीन सांभाळायला सोबत इमाम हवे होते. अत्तारांनी आपल्या शागिर्दाची शिफारस केली, आणि जे पाहशील ते लिहून ठेव, असा आग्रहही धरला.

म्हणजे तहतावी निघाले ते विद्यार्थी म्हणून नव्हे. त्यांनी पाच वर्षे नुसती इमामत केली असती तरी कोणी बोल लावला नसता. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघायला अजून सहा वर्षे होती, तेव्हाची ही गोष्ट. एप्रिल 1826 मध्ये अलेक्झांड्रियाहून जहाज सुटले. मे महिन्यात ते मार्सेय बंदराला लागले. तिथे क्वारंटाइनमध्ये काही दिवस गेले आणि फ्रेंच अक्षरओळखही तिथेच सुरू झाली. अल-अजहरमध्ये दुसऱ्यांना शिकवलेला माणूस पुन्हा अलिफ-बेपाशी बसला.

एका घरात राहून भाषा येत नाही

पॅरिसमध्ये या तुकडीची व्यवस्था एदमे-फ्रान्स्वा जोमार यांच्याकडे होती. हे भूगोलतज्ज्ञ नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला जाऊन आलेले. सुरुवातीला सगळ्यांना एकाच घरात ठेवले. दिवसाचे वेळापत्रक बांधलेले होते. सकाळी इतिहासाचे वाचन, नंतर चित्रकला, फ्रेंच व्याकरण, शिवाय अंकगणित आणि भूमिती. मास्तर घरी येत. कागदावर पाहिले तर यात काहीच उणे नव्हते.

आणि तरीही गाडी पुढे सरकेना. तहतावी सरळ लिहितात की सगळे एकत्र राहिलो तोवर व्याकरणाच्या सुरुवातीच्या गोष्टींपलीकडे फारसे हाती लागले नाही. कारण उघड होते. तास संपला की चाळीस जण आपापसांत तुर्की नाही तर अरबी बोलणार. पॅरिसमध्ये राहूनही घराच्या आत पॅरिस नव्हते.

मग एक निर्णय झाला आणि सगळे बदलले. तुकडी मोडली. कुठे दोघे-तिघे, कुठे एकटाच, अशी मुले वेगवेगळ्या निवासी शाळांत फ्रेंच मुलांबरोबर किंवा एखाद्या शिक्षकाच्या घरी ठेवली गेली. आता मीठ मागायचे तरी फ्रेंचमध्येच मागावे लागणार. चूक झाली की समोरचा हसणार, आणि पुन्हा बोलल्याशिवाय जेवण पुढे जाणार नाही. तहतावी स्वतः शेव्हालिए नावाच्या शिक्षकांकडे राहिले आणि तीन वर्षे त्यांच्याजवळ शिकले.

भाषाशिक्षणाच्या इतिहासात हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. प्राथमिक पायरीवर वर्ग, फळा आणि मास्तर पुरतात. पुढच्या पायरीला भाषेची गरज लागावी लागते, आणि आपल्याच लोकांच्या घोळक्यात ती गरज निर्माण होत नाही. आजचा पुण्याचा विद्यार्थी शेव्हालिएंच्या घरी जाऊ शकत नाही, हे खरे. पण फ्रेंच रेडिओ, फ्रेंच बातम्या, फ्रेंच बोलणारा एखादा ऑनलाइन सोबती यांना तो दिवसातला एक तास देऊ शकतो, ज्या तासात मराठी-इंग्रजीचा आधार घ्यायचा नाही. चाळीस जणांचे ते घर आपण खिशातल्या मोबाइलमध्ये घेऊन फिरत असतो. त्यातून रोज थोडा वेळ बाहेर पडावे लागते.

पुस्तके, खिसा आणि डावा डोळा

पॅरिसमध्ये आपण काय काय वाचले याची यादी तहतावींनी दिली आहे, विषयवार. इतिहासात प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांची चरित्रे आणि नेपोलियनचे चरित्र. भूगोल, गणित, तर्कशास्त्र. साहित्यात रासीन आणि व्होल्तेअर. राज्य आणि कायदा या विषयांत मॉन्तेस्क्यू आणि रूसो. शिवाय रोजची आणि महिन्याची नियतकालिके. वर्तमानपत्रांत खोटेही भरपूर असते, हे त्यांनी नोंदवले आहे. तरीही ते वाचत राहिले, कारण चालू भाषा तिथेच भेटत होती.

या यादीकडे शिक्षकाच्या नजरेने पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. यातली फार थोडी पुस्तके 'भाषा शिकण्यासाठी' लिहिलेली आहेत. त्यांना भूगोल समजून घ्यायचा होता, कायदा समजून घ्यायचा होता, आणि त्या वाटेवर फ्रेंच येत गेली. पाठ्यपुस्तकातली रेल्वे स्टेशनवरची संभाषणे कितीही घोकली तरी मन त्यांत गुंतत नाही. ज्या विषयाची आपल्याला खरोखर ओढ आहे त्याचे पुस्तक हाती आले की अवघड वाक्यही आपण तीनदा वाचतो. क्रिकेटवेडा मुलगा इंग्रजी वर्तमानपत्राचे शेवटचे पान कसे वाचायला शिकतो, ते आठवा.

सरकारने दिलेली पुस्तके त्यांना पुरली नाहीत. पगारातून पैसे काढून त्यांनी स्वतः पुस्तके विकत घेतली आणि वेगळा शिक्षकही ठेवला. रात्र रात्र वाचन चाले. त्याचा परिणाम डाव्या डोळ्यावर झाला. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला आणि रात्री वाचू नये असे सांगितले. त्यांनी ऐकले नाही. डोळ्याची किंमत देऊन शिका, असे मी कोणाला सांगणार नाही. पण दोन वर्षांच्या क्लासनंतर 'फ्रेंच अवघड आहे बुवा' म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा डोळ्यांखालून घालावा.

अल-अजहरच्या विद्यार्थ्याला फ्रेंच पुस्तकांचे एक नवल वाटले. आपल्याकडच्या मदरशांत आधी मत्न, त्यावर शरह, शरहवर हाशिया अशी उतरंड असते, आणि पुष्कळसा वेळ मजकुराचे शब्द उकलण्यातच जातो. फ्रेंच पुस्तकाचे शब्द स्वतःच स्पष्ट असतात, उस्तादाला थेट विषयाला हात घालता येतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. परकी भाषा शिकताना आपल्या शिकण्याच्या पद्धतीकडेही बाहेरून पाहता येते, ते असे.

सासींची अरबी

पॅरिसमध्ये त्यांना सिल्वेस्त्र द सासी भेटले. अरबी भाषेचे युरोपातले त्या काळातले सर्वांत मोठे पंडित. हरीरीच्या 'मकामात'सारख्या कठीण ग्रंथावर त्यांनी अरबीतच टीका लिहिली होती. तहतावींना वाटत होते की अरबांखेरीज कोणाला अरबी नीट येणे शक्य नाही. सासींचे काम पाहून हे मत गळून पडले.

पण एक गंमत होती. हे सासी अरबी वाचायला लागले की उच्चार परदेशी. आणि हातात पुस्तक नसेल तर अरबी बोलणे त्यांना जमत नसे. तहतावींनी दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत. त्यांनी त्यांची थट्टा केली नाही, आणि जिभेच्या अडखळण्यावरून विद्वत्तेचे माप काढले नाही.

आपल्याकडे नेमके उलटे होते. मराठी बोलताना 'ळ' आणि 'ण' जरा घसरला की वर्गात हशा पिकतो आणि त्या दिवसापासून पोर तोंड उघडत नाही. फ्रेंच शिकणाऱ्याची जीभ त्या घशातल्या 'र'वर अडखळते आणि तो समजतो की आपल्याला भाषाच येत नाही. उच्चार सुधारावेत, जरूर सुधारावेत. पण वाचन, लेखन, श्रवण आणि बोलणे या चार गोष्टी एकाच वेगाने वाढत नाहीत. एक मागे पडली म्हणून बाकीच्या तिघींना थांबवण्यात शहाणपण नाही.

परीक्षकांचा शेरा

ऑक्टोबर 1830 मध्ये तहतावींची अखेरची परीक्षा झाली. बारा भाषांतरे परीक्षकांपुढे होती. काही उतारे समोर बसून दोन्ही दिशांनी भाषांतरित करायला दिले गेले. परीक्षकांचा अभिप्राय त्यांनी पुस्तकात छापला आहे, त्यातल्या दोषांसकट.

परीक्षकांचे म्हणणे थोडक्यात असे. अर्थ चुकत नाही. पण कधी एका वाक्याच्या जागी अनेक वाक्ये येतात, कधी एका शब्दासाठी अख्खे वाक्य, कधी तीच गोष्ट दोनदा. शास्त्राचे ग्रंथ भाषांतरित करायचे तर हा फापटपसारा सोडावा लागेल आणि गरज पडेल तिथे नवे शब्द घडवावे लागतील.

मधल्या पायरीवरच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा शेरा भिंतीवर लावावा इतका तो नेमका आहे. प्राथमिक पायरीवरची चूक व्याकरणाची असते, लाल शाईने गोल करून दाखवता येते. पुढच्या पायरीवर वाक्य व्याकरणात बसते, अर्थही पोचतो, पण नेमका शब्द हाती नसतो. मग आपण वळसा घालतो. 'जावई' हा शब्द न आठवल्याने 'मुलीच्या नवऱ्याने' म्हणतो. काम भागते, आणि भागते म्हणूनच आपण तिथे अडकतो. यातून बाहेर पडायचा एक जुना उपाय म्हणजे भाषांतर. नुसते वाचताना डोळा अवघड शब्दावरून पुढे सरकतो, भाषांतर करताना पळवाट नसते. आणि लिहिलेले कोणा जाणकाराला दाखवावे लागते. तहतावींनी आपल्या पुस्तकाचे हस्तलिखित खुद्द सासींना वाचायला दिले होते.

शब्दामागचे जग

नेमका शब्द शोधायला गेलेला माणूस शेवटी विचारापाशी पोचतो. जुलै 1830 च्या पहिल्या आठवड्यात फ्रेंच फौजांनी अल्जीअर्स घेतले. त्याच महिन्याच्या अखेरीस पॅरिसच्या रस्त्यांवर लोक उठले आणि राजा दहावा शार्ल याला गादी सोडावी लागली. तहतावी तेव्हा पॅरिसमध्येच होते. उठावाची हकीकत त्यांनी सविस्तर लिहिली आणि फ्रान्सची 1814 ची सनद कलमवार अरबीत आणली. फ्रेंच 'शार्त'साठी त्यांनी वापरलेला शब्द अरबी कानाला 'शर्त'च्या जवळचा वाटतो. फ्रेंच लोक ज्याला स्वातंत्र्य म्हणतात, ते आपल्याकडे अद्ल आणि इन्साफ म्हणतात तेच, असे त्यांनी वाचकाला समजावले. ही जुळणी सर्वांना पटेल असे नाही. पण शब्दकोशात प्रतिशब्द नसताना आपल्या परंपरेत हात घालून शब्द शोधणारा माणूस इथे दिसतो. 'येस, नो, थँक यू'पासून तो किती दूर आला होता!

म्हणून आणखी एक प्रश्न टाळता येत नाही. आपल्या देशावर चाल करून आलेल्यांची भाषा, तेच शेजारचा मुलूख गिळत असताना, इतक्या जीव लावून शिकायची? आणि शिकताना आपले दीन, आपली जबान हातची जाणार नाही? तहतावींनी ही भीती झटकून टाकली नाही. फ्रेंच तत्त्वज्ञांच्या काही पुस्तकांत दीनला विरोधी गोष्टी आहेत, ती वाचणाऱ्याने आधी कुरआन आणि सुन्नतमध्ये पाय घट्ट रोवावेत, असा इशारा त्यांनी दिला. आणि मग ती पुस्तके वाचली. आले तेव्हा इमाम होते, गेले तेव्हाही इमामच होते. मधल्या काळात त्यांची अरबी आटली नाही. उलट नव्या गोष्टी सांगायला ती लवचिक झाली.

परतल्यावर

1831 मध्ये ते इजिप्तला परतले आणि वैद्यकीय शाळेत भाषांतराच्या कामाला लागले. 1834 मध्ये त्यांचे पॅरिसवरचे पुस्तक 'तख्लीस अल-इब्रीज फी तल्खीस बारीज' बूलाकच्या सरकारी छापखान्यातून निघाले. पुढे त्याचे तुर्की भाषांतरही झाले. 1835 मध्ये कैरोत भाषांची शाळा सुरू झाली, आणि तिचे नाव पुढे मद्रसत अल-अल्सुन म्हणून गाजले. काही काळातच तिची सूत्रे तहतावींकडे आली. स्वतः ज्या वाटेने गेले, त्या वाटेवर त्यांनी एक पिढी तयार केली, जिने इतिहास, भूगोल, कायद्याचे ग्रंथ अरबीत आणले.

नशिबाने पाठ फिरवली तेव्हाही भाषा सोबत राहिली. पाशांचा नातू अब्बास सत्तेवर आल्यावर शाळा बंद झाली आणि 1850 मध्ये तहतावींना दूर सुदानमध्ये खार्तूमला एका प्राथमिक शाळेवर पाठवले गेले. शिक्षा होती हे उघड होते. त्या काळात त्यांनी फेनेलॉं यांच्या 'तेलेमाक'चे भाषांतर केले, राजाने कसे वागावे हे सांगणाऱ्या कादंबरीचे. 1854 मध्ये सत्ता बदलली, ते कैरोला आले, आणि 1860 च्या दशकात फ्रान्सचा दिवाणी कायदा अरबीत आणण्याच्या कामात गुंतले. 1873 मध्ये त्यांचा इंतकाल झाला. कैरोच्या ऐन शम्स विद्यापीठात आजही अल-अल्सुन नावाची भाषांची शाखा आहे.

आपल्या घरातला उंबरठा

तहतावींना पाशांचा पगार होता, पॅरिस होते, सासी होते. आपल्या मुलांना यातले काही नाही, असे कोणी म्हणेल. मान्य. पण त्यांची भाषा ज्या गोष्टींनी पुढे गेली त्यांतल्या बहुतेक स्वस्त आहेत. आपल्या घोळक्याबाहेर रोज थोडा वेळ. आवडत्या विषयाचे एक पुस्तक, शेवटच्या पानापर्यंत. आठवड्याला एका पानाचे भाषांतर, आणि ते तपासून घ्यायची तयारी.

चौथी गोष्ट मात्र पालकांच्या हातात आहे. तहतावी फ्रेंचमध्ये एवढे पुढे जाऊ शकले कारण त्यांच्याकडे आधी एक भाषा मुळापासून होती. आपल्याकडे उर्दू घरच्या बोलण्यापुरती, मराठी पासिंगपुरती आणि इंग्रजी फॉर्म भरण्यापुरती, अशी तिन्हीकडे अर्धवट मुले वाढताहेत. मराठी चांगली आली तर उर्दू जाईल, ही भीती मी पालकसभेत नेहमी ऐकतो. मला त्यांना सांगायचे असते की अर्धवट येण्याने दोन्ही जातात. पुढच्या वेळी ही भीती कोणी बोलून दाखवली तर त्यांना तहताच्या या इमामाची गोष्ट जरूर सांगा.